करारावर एकच नाव

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये
मी लेबलं तपासतो.
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
मधोमध लिंबाचं फूल, कुठल्याच झाडाचं नसलेलं.
नुक्ता, स्वल्पविराम, मिलिलिटर.
चूक सापडली की लाल पेन,
नाही सापडली की सही.

घटकांच्या यादीत सगळ्यात शेवटी
एक शब्द येतो : सुगंध.
नुसता. एकवचनी. सभ्य.
पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं,
ओळखीचा वाटला.

कारण रोलामधल्या आमच्या खोलीच्या करारावरही
एकच नाव होतं : कुंजुमोन.
आणि झोपायचो आम्ही नऊ.
दुमजली पलंग तीन, दोघं जमिनीवर,
एक रात्रपाळीचा, दुसऱ्याच्या उबेत सकाळी निजणारा.
पालिकेचा माणूस आला की आठांनी
जिन्यात जाऊन उभं राहायचं.
त्या शब्दामागच्या जिन्यात कोण कोण उभं आहे
मला ठाऊक नाही.
मला फक्त स्पेलिंग ठाऊक आहे.

शुक्रवारी संडास धुवायची पाळी.
त्या दिवशी दाऊद परकारची, जुम्म्याच्या आधी.
माणूस जीव लावून काम करणारा, तेच नडलं.
एका बाटलीनं डाग जाईना
म्हणून निळीवर पांढरी ओतली.
खिडकी नाही. पंखा नोव्हेंबरपासून बंद.
दाराखालून पोहण्याच्या तलावासारखा वास आला,
मग खोकला, मग बादली पडली,
मग नुसताच वास.
कुंजुमोननं काखेत हात घालून ओढून काढला त्याला,
जिन्यात बसवला. त्याच जिन्यात.
डोळ्यांना धार लागलेली, तरी म्हणाला,
"डाग गेला का बघा रे."

दोन्ही बाटल्यांवर ओळ होती : मिसळू नका.
साडेचार पॉइंटात.
ते साडेचार पॉइंट मीच मंजूर केले होते.

पुढे हेमलता आली, पोरगी झाली,
अल ताऊनला घर घेतलं, नवव्या मजल्यावर,
न उघडणाऱ्या काचांचं.
कंपनीकडून दर महिन्याला नमुन्यांचं खोकं.
फुकट ते पौष्टिक.
बाथरूममध्ये 'समुद्राची झुळूक' दर वीस मिनिटांनी फुस्स करायची,
खरा समुद्र काचेपलीकडे, आवाज न करता.
एसी तीच झुळूक
पुन्हा पुन्हा घरभर वाटत राहायचा,
आणि पहाटे पोरीच्या छातीत
कुणी बारीक शिट्टी वाजवायचं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात सिगारेट?
नाही.
बखूर, उदबत्ती, फवारे?
हेमलतानं माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या रात्री खोकं मी लिफ्टजवळ नेऊन ठेवलं,
कुणाला हवं तर घेईल.
ती अनवाणी गेली आणि परत आत घेऊन आली.
"दुसऱ्यांच्या पोरांनी का म्हणून?"

आता ओट्यावर खायचा सोडा, व्हिनेगर,
सूकमधला काळा सुका लिंबू किटलीत उकळायला,
जुन्या बनियनचं फडकं.
चकाकी कमी आहे, हे खोटं कशाला बोला.
फरशीत चेहरा दिसत नाही पूर्वीसारखा.
मला चालतं.

बाथरूमची एकच फट उघडते, वीतभर.
जानेवारीत ती दिवसभर उघडी.
डिझेल येतं, धूळ येते, कुणाच्या फोडणीतला लसूण.
कधी घाण वास आला तर हेमलता उठते,
फ्रिजमागे, सिंकखाली हुंगत फिरते,
नासलेला बटाटा शोधून काढते.
नाक त्यासाठीच असावं.

आज टेबलावर नवं प्रूफ आलंय.
वासाचं नाव : 'घर'.
घटक : पाणी, अमुक, तमुक, सुगंध.
डोळ्यांपासून दूर ठेवा, हवा खेळती ठेवा, मिसळू नका :
या ओळीला मी लाल गोल केला,
लिहिलं, आठ पॉइंट.
वरून फोन : जागा नाही.
म्हटलं, फूल लहान करा.

पलीकडे कुणीतरी तोंडावर हात ठेवून
दुसऱ्याशी बोलल्याचा आवाज.
कळवतो, म्हणाले.

अजून कळवलेलं नाही.
अजून सही केलेली नाही.
पगार एक तारखेला.